विकिपीडियावरचं पहिलं संपादन टिकवायचं कसं

नवख्याचं संपादन उलटवलं जातं, म्हणजे पान पुन्हा पूर्वीसारखं केलं जातं, ते बहुतेकदा दोन कारणांनी: मजकुराला संदर्भ नसतो किंवा तो कुठून तरी उचललेला असतो. म्हणून नव्या लेखाची घाई नको. ओळखीच्या विषयावरच्या जुन्या लेखात संदर्भ नसलेलं एक वाक्य शोधा आणि त्याला आधार द्या.

आधी खातं उघडा. सदस्यनाव संस्थेचं किंवा उत्पादनाचं नको. ईमेल जोडाच, नाहीतर पासवर्ड विसरला की खातं गेल्यात जमा. हात बसेपर्यंत प्रयोग धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर करा.

आता संदर्भ. दृश्य संपादनात (लेख दिसतो तसाच बदलायची सोय) वाक्याच्या पूर्णविरामानंतर कर्सर ठेवून संदर्भाचं बटण दाबा, बातमीचा पत्ता चिकटवा. शीर्षक, दिनांक वगैरे बहुतेक वेळा आपोआप भरलं जातं. त्यावर विसंबू नका. लेखकाच्या जागी वृत्तपत्राचं नाव येणं, तारीख गाळली जाणं हे नेहमीचंच. पुस्तक असेल तर पृष्ठ क्रमांक द्या. त्याशिवाय पडताळणार कसं? विकिपीडियाचाच दुसरा लेख संदर्भ म्हणून चालत नाही.

‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’ ही विशेषणं काढा. ‘सध्या’, ‘नुकतंच’ याऐवजी वर्ष लिहा, कारण वाचणारा पाच वर्षांनीही येईल.

दोन-चार शब्द बदललेली नक्कलही नक्कलच. इथला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो, श्रेय देऊन कुणीही तो विकूसुद्धा शकतो. दुसऱ्याच्या लेखनावर तशी परवानगी द्यायचा हक्क आपल्याला नसतो. दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडियावरून अनुवाद चालतो, पण बदलांच्या आढाव्यात (काय बदललं ते सांगणारी, जतन करतानाची छोटी नोंद) मूळ लेखाचा दुवा द्यावा लागतो. हे हमखास विसरलं जातं. आढावा एरवीही रिकामा सोडू नका. ‘जन्मवर्षाला संदर्भ जोडला’ एवढंही पुरतं.

स्वतःवर, नातेवाइकांवर, मालकाच्या कंपनीवर लेख लिहू नका. चूक दिसली तर लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर पुरावा देऊन सुचवा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे.

संपादन उलटवलं गेलंच, तर तेच पुन्हा टाकू नका. पानाच्या ‘इतिहास’मध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, उलटवणाऱ्याने काय कारण दिलंय ते वाचा, चर्चा पानावर विचारा, शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकून सही करा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की बहुधा संपादनबंदी येते, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. पान पहाऱ्याच्या सूचीत टाकलं असेल तर पुढचे बदल आपसूक कळतात.