जुनी गाडी की नवी? कंपेअर करताना या चुका टाळा

"जुन्या गाडीत दम होता" म्हणणारे आणि "जुनी म्हणजे भंगार" म्हणणारे, दोघंही बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टी शेजारी ठेवून बघतात.

पहिली चूक, नुसती पॉवर बघणं. १९७६ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घ्या, ११० पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर) आणि वजन ८०० किलोच्या आसपास. आठव्या जनरेशनची गोल्फपण १ लिटर टर्बोमध्ये ११० पीएसचीच आली, पण वजन साडेबाराशेच्या घरात, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर जवळपास साडेचारशे किलो जादा ओढायचंय, मग जुनी चपळ वाटणारच, तो काही मनाचा खेळ नाही. पण हीच टर्बो २००० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देते, जुनीला त्यासाठी इंजिन चांगलंच ताणावं लागतं, त्यामुळे माणसं-सामान भरून चढ चढायचा असेल तर मला तरी नवीच बरी वाटते.

दुसरी चूक जास्त होते, थकलेली जुनी गाडी कोऱ्या नवीशी लावायची. जुनी ओढत नाही म्हणून लगेच इंजिन गेलं असं समजू नका. आधी एअर फिल्टर आणि टायरमधली हवा बघा, मग थोडं चालवून थांबा आणि चारही रिमच्या जवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटतोय, तो पिकअप आणि मायलेज दोन्ही खातो. आरपीएम वाढतंय पण स्पीड नाही, तर क्लच स्लिप होतोय. हे सगळं ठीक असेल तर मग कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते बघणारी) करून घ्या. टायरच्या बाजूला DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि मग ग्रिपची तुलनाच खोटी ठरते.

मायलेज ब्रोशरवरून ताडू नका. युरोपात २०१७ पासून मायलेज मोजायची जुनी एनईडीसी टेस्ट जाऊन नवी डब्ल्यूएलटीपी टेस्ट आली, ती जास्त कडक आहे, म्हणून जुने आकडे उगाच भारी दिसतात. फुल टँक टू फुल टँक मोजा, दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर.

आणि "जाड पत्रा म्हणजे सेफ" हे तर डोक्यातून काढाच! २००९ मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर धडकवली, ताशी ६४ किलोमीटरच्या स्पीडला. बेल एअरची केबिन ड्रायव्हरवरच चेपली गेली, मालिबूची टिकली.

नवी डिझेल घेताना मात्र रोजचा रूट बघा. रोज तीन-चार किलोमीटरच चालणार असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायला लागेल एवढा गरमच होत नाही, काजळी साठते, लाइट लागते. तेवढ्याच पल्ल्यासाठी हवी असेल तर पेट्रोल घ्या, किंवा असलेली जुनी नीट करून वापरा.