वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर लवकर दिवस राहिले तर

पीसीओडीमुळे वर्षानुवर्षं पाळी पुढेमागे होणाऱ्या बाईला ऑपरेशननंतर दोन-चार महिन्यांतच पाळी वेळेवर येऊ लागते. वजन उतरलं की इन्शुलिनही उतरतं आणि बंद पडलेलं बीजनिर्मितीचं चक्र पुन्हा सुरू होतं. अडचण एवढीच, की याच महिन्यांत शरीर स्वतःची शिल्लक मोडून खात असतं. लोह, बी-१२, डी, प्रथिनं सगळंच खाली जात असतं आणि दिवस राहण्याची शक्यता मात्र कधी नव्हे इतकी वाढलेली असते.

म्हणून ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, काही डॉक्टर २४ सांगतात. पण नुसते महिने मोजून भागत नाही. वजनाचा काटा दोन-तीन महिने एका जागी थांबलाय आणि रक्ताचे रिपोर्ट नीट आहेत, या दोन्ही गोष्टी जमल्या की मग प्रयत्न करायला हरकत नाही. वय ३५ च्या पुढे असेल तर थांबण्याचीही किंमत असते. तो हिशेब ऑपरेशनच्या आधीच सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांसमोर मांडा.

थांबायचं कशाच्या भरवशावर?

गोळ्यांच्या भरवशावर नको. बायपास किंवा मिनी बायपासमध्ये आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, त्यामुळे पोटातून घेतलेली गर्भनिरोधक गोळी पुरेशी शोषली जाईलच असं नाही. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, आतडं तसंच राहतं, पण पहिल्या महिन्यांतल्या उलट्या-जुलाबात गोळी वाया जाते.

तांबी बसवणं सोयीचं. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. मात्र तांबीने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हार्मोनवाली तांबी बरी. ती महाग पडते, पण पाळीही हलकी होते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन पोटातून जात नसल्यामुळे काम चोख करतं, पण त्याने हाडांची घनता थोडी कमी होते आणि शेवटच्या इंजेक्शननंतर बीजनिर्मिती परत यायला सात ते दहा महिने लागू शकतात. थांबण्याचा काळ संपत आला असेल तर ते सुरू करू नका. चूक झालीच, तर ‘दुसऱ्या दिवशीच्या गोळी’पेक्षा पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी जास्त खात्रीची.

हा सगळा निर्णय ऑपरेशनच्या आधी झालेला बरा. नंतर पथ्य, प्रोटीन शेक, तपासण्या यांत तो मागे पडतो आणि ‘मला कुठे सहज राहतं?’ हा जुना समज घात करतो.

पाळी चुकली

मळमळलं तर वाटतं घाईत खाल्लं, थकवा आला तर वाटतं वजन उतरतंय म्हणून. गर्भारपणाची सगळी लक्षणं ऑपरेशनच्या खात्यावर जमा होतात आणि तपासणी उशिरा होते. पाळी आठवडाभर पुढे गेली की घरी लघवीची तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली की सहाव्या ते आठव्या आठवड्यात सोनोग्राफी करा. पाळी आधी अनियमित असल्याने तारखेवरून काढलेले दिवस चुकू शकतात, आणि पुढे बाळाची वाढ मोजताना ही पहिली सोनोग्राफीच आधाराला लागते.

घाबरून गर्भ पाडायला धावू नका. ऑपरेशनला सहा महिनेच झालेत, एवढं एकच कारण त्यासाठी पुरेसं नाही. लवकर राहिलेली अनेक गर्भारपणं नीट पार पडतात, फक्त लक्ष जास्त द्यावं लागतं.

त्याच आठवड्यात ऑपरेशनची फाइल शोधा. ‘वजनाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्याने स्त्रीरोगतज्ज्ञांना काहीच कळत नाही. स्लीव्ह की बायपास की मिनी बायपास, तारीख, त्या वेळचं वजन आणि आजचं वजन, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. त्याची प्रत नव्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांचे फोन नंबर आहेत ना, ते पाहा. जठराभोवती बँड बसवलेला असेल, तर त्यातलं पाणी कमी करायचं का हे सर्जनला विचारा.

औषधंही त्याच दिवशी तपासून घ्या. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं. चालू असताना दिवस राहिले तर लगेच बंद करून डॉक्टरांना कळवा. टेलमिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या बदलाव्या किंवा थांबवाव्या लागतात. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बदलून घ्या. आणि वजन उतरवायचं पथ्य आजपासून थांबलं, हे घरात सांगून टाका.

रक्ताच्या तपासण्या

सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड. बायपास असेल तर अ जीवनसत्त्वही. या पहिल्या भेटीत करा, आणि पोषणाच्या तपासण्या पुढे दर तीन महिन्यांनी. नुसतं हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका. ते ११ च्या वर असूनही फेरिटिन ३० च्या खाली असेल, तर साठा रिकामाच आहे आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ते कोसळतं.

गोळ्यांचं घड्याळ

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. गोळ्या चालू असतात, पण लोह आणि कॅल्शियम एकाच घोटाबरोबर घेतल्यामुळे दोन्ही वाया जातात. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. लोह आणि चहा यांतही तासाभराचं अंतर हवं, आणि आपल्याकडे पहाटेचा चहा सुटणं अवघड, म्हणून वेळापत्रक त्याभोवतीच बसवावं लागतं.

सकाळी साडेसहाला लोहाची गोळी, अर्धा ग्लास लिंबूपाण्याबरोबर, साखर न घालता. साडेसातनंतर चहा. नाश्त्यानंतर, नऊच्या सुमाराला मल्टिव्हिटॅमिन. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी सहाला दुसरं, गरज असेल तर रात्री झोपताना तिसरं. सकाळी लोहाने मळमळत असेल तर ते रात्री घ्या आणि कॅल्शियम दिवसात उरका.

लोह रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गोळीने फेरिटिन हलत नसेल तर, विशेषतः बायपासनंतर, चौथ्या महिन्यापासून शिरेतून लोह देता येतं. त्यासाठी आठव्या महिन्याची वाट पाहू नका.

कॅल्शियम खाण्यातलं धरून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० च्या वर नको. सायट्रेट प्रकारातलं घ्या. कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं आणि ऑपरेशननंतरच्या लहान पोटात आम्ल कमी तयार होतं. सरकारी कॅल्शियमची गोळी कार्बोनेटची असते, तेवढीच मिळत असेल तर जेवणाबरोबर घ्या. पाकिटावरचा मोठा आकडा फसवा असतो: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० असतं, आणि १००० मिलिग्रॅम सायट्रेटमध्ये जेमतेम २१०.

बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहारी घरात इंजेक्शनच बरं, विसरायला जागा राहत नाही. फॉलिक अ‍ॅसिड सर्वसाधारणपणे ४०० मायक्रोग्रॅम, पण बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन) अजून ३० च्या वर असेल किंवा मधुमेह असेल तर पहिले १२ आठवडे ५ मिलिग्रॅम देतात. त्याआधी बी-१२ तपासलेलं हवं. बी-१२ कमी असताना नुसतं जास्त फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. डी जीवनसत्त्वाची पातळी ३० च्या वर राहील असा डोस डॉक्टर ठरवतील.

मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर अ जीवनसत्त्व ‘बीटा-कॅरोटिन’ म्हणून लिहिलेलं असावं. ‘रेटिनॉल’ दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर गर्भाला धोका असतो. ऑपरेशननंतरच्या जोरदार गोळ्या आणि माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल यांची बेरीज तिथे पोचू शकते.

ताटात काय

प्रथिनं रोज निदान ६० ग्रॅम. १०० ग्रॅम पनीर १८, दोन अंडी १२-१३, सोयाबीनच्या ३० ग्रॅम सुक्या वड्या १५, पेलाभर दूध ६-७, वाटीभर घट्ट वरण ५-६. अंडी चालत नसतील तर व्हे प्रोटीनचा एक चमचा-माप २० ग्रॅमच्या आसपास देतो, डब्यावरचा आकडा पाहा. पोट लहान आहे तेव्हा हे सहा वेळा वाटीवाटीने जाईल. ताटातलं प्रथिन आधी खा, पोळी-भात नंतर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोटघोट.

‘आता दोन जिवांचं खा’ म्हणून सासूबाई किंवा काकू डिंकाचा लाडू पुढे करतील, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण बायपास झालेल्या बाईला साखर आणि तूप एकत्र मिळालं की दहा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. कधी हे एक ते तीन तासांनी होतं आणि तेव्हा साखर खाली गेलेली असते. इंदुरी नाश्त्यातले पोहे चालतील, शेंगदाणे मुठीने घाला आणि सोबत अंडं किंवा पनीर घ्या, फक्त जिलेबी बाजूला ठेवा. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गेलात तर भुट्ट्याचा कीस दोन चमचे चालेल, शिकंजी आणि रबडी नको. ज्यांना लाडवाचा मान राखायचाच आहे त्यांनी सुपारीएवढा, जेवणानंतर. हरतालिकेचा निर्जळी उपास या वर्षी नाही, आणि साबुदाण्यावर काढलेली संकष्टीही नाही. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच.

वजन किती वाढावं हे आजच्या बीएमआयवर ठरतं, ऑपरेशनआधीच्या नव्हे. १८.५ ते २५ मध्ये असाल तर साधारण ११.५ ते १६ किलो, २५ ते ३० मध्ये ७ ते ११.५, आणि ३० च्या वर ५ ते ९. पहिल्या महिन्यांत ऑपरेशनमुळे वजन उतरतच राहिलं तर दर भेटीत ते डॉक्टरांच्या नजरेला आणा. वजनाचे कष्टाने कमावलेले किलो परत येताना पाहून काही जणी गुपचूप कमी खातात. बाळाची वाढ अडते ती इथे.

उलट्या थांबत नसतील तर

पहिल्या तिमाहीत थोड्या उलट्या होणारच. पण दोन-तीन दिवस पोटात काही टिकत नसेल तर बी-१ म्हणजे थायामिनचा साठा संपू शकतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात आणि बिघडतं ते इथेच: थायामिन नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. बाटली लावण्याआधी सांगा, ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायामिनचं इंजेक्शन द्या.’ हे वाक्य नवऱ्यालाही पाठ असू द्या. दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर तडक मोठ्या रुग्णालयात.

साखरेची तपासणी

आपल्याकडे गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात. बायपास झालेलीने ते पिऊ नये. आधी साखर झपाट्याने चढते, मग कोसळते, त्रास होतो आणि आकडाही भरवशाचा राहत नाही. स्लीव्हनंतरही हा त्रास होऊ शकतो, आधी विचारा. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांत घरच्या ग्लुकोमीटरवर आठवडाभर नोंद ठेवा: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकट्यावर विसंबू नका, रक्त कमी असताना तो आकडा फसवतो.

पोटदुखी

बायपासनंतर आतड्याच्या पडद्यात फटी राहू शकतात. गर्भाशय वर सरकू लागलं की आतड्याचा वेढा त्यात अडकतो. वरच्या पोटात येणारी, पाठीकडे जाणारी कळ आणि सोबत उलट्या, बहुधा पाचव्या महिन्यानंतर. ‘गॅस असेल, ओवा खा’ म्हणून रात्र काढू नका. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी अडकलेलं आतडं नाकारता येत नाही, सीटी स्कॅन किंवा थेट दुर्बिणीतून पाहावं लागू शकतं, आणि आईचा जीव पणाला असताना सीटीचं किरणोत्सर्जन हा दुय्यम मुद्दा आहे.

म्हणूनच सातव्या महिन्यात माहेरी जाण्याचा बेत आखताना तिथे काय आहे ते पाहा. तुम्ही इंदूरला राहत असाल आणि माहेर खंडव्याला किंवा बऱ्हाणपूरला असेल, तर रात्री दोन वाजता सीटी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन करणारा सर्जन कुठे मिळेल, हे आधी विचारून ठेवा. ते नसेल तर आईलाच इंदूरला बोलवा.

शेवटचे महिने आणि बाळंतपण

बायपासनंतर बाळ वजनाने कमी राहण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून साधारण २८ आठवड्यांपासून दर महिन्याला वाढीची सोनोग्राफी मागून घ्या. खर्च जड जात असेल तर सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. ऑपरेशन झालंय एवढ्यावर सिझर ठरत नाही.

बाळंतपणानंतर वॉर्डात दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सर्रास देतात. बायपासच्या जोडावर त्याने व्रण होतात, पॅरासिटामॉल मागा. बी-१२ आणि कॅल्शियम दूध पाजतानाही आणि त्यानंतरही चालू ठेवा. आईचं बी-१२ कमी असलेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळात रक्त कमी होणं, मंदावणं, हातपाय थरथरणं दिसू शकतं. बालरोगतज्ज्ञांच्या पहिल्याच भेटीत ऑपरेशनचं सांगा आणि तांबीचंही त्याच महिन्यात ठरवा.