गोंगाटात हाक ओळखणारं छोटं नेटवर्क

मिक्सर चालू असताना उपकरणाला हाक मारली की नुसत्या माइकवर चालणारं मॉडेल (शिकवलेलं न्यूरल नेटवर्क) गडबडतं. ओठांच्या हालचालीला मिक्सरचा त्रास नाही, म्हणून कॅमेरा जोडायचा.

आवाज १६ किलोहर्ट्झवर घ्या: २५ मिलिसेकंदांची विंडो, १० मिलिसेकंदांनी सरकणारी, ४० मेल बँड (माणसाच्या कानाच्या धाटणीने पाडलेले वारंवारतेचे पट्टे). व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम. तोंडाभोवतीचा ४८×४८ पिक्सेलचा ग्रेस्केल तुकडा पुरतो. म्हणजे एका चित्रामागे आवाजाच्या ४ फ्रेम. आवाज आणि चित्राचा हा मेळ चुकला तर पुढचं सगळं फुकट. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा. हात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचं टोक जुळत नसेल तर आधी ते अंतर काढून टाका.

नेटवर्कचे थर डेप्थवाइज सेपरेबल ठेवा: आधी प्रत्येक चॅनेलवर वेगळा ३×३ फिल्टर, मग १×१ने चॅनेलांची सरमिसळ. ६४ चॅनेलमधून ६४मध्ये जाणाऱ्या साध्या ३×३ थराला ३६,८६४ वेट्स (शिकायचे आकडे) लागतात. इथे ५७६ अधिक ४,०९६, म्हणजे ४,६७२. आवाजाची आणि चित्राची अशा दोन्ही शाखा जोडून वर छोटा जीआरयू (आधीच्या फ्रेम लक्षात ठेवणारा थर) बसवा.

ट्रेनिंगमध्ये −५ ते २० डेसिबल एसएनआरने (बोलणं गोंगाटापेक्षा किती मोठं, ते माप) गोंगाट मिसळा. नुसता स्वच्छ आवाज दिलात तर मॉडेल आळशी होतं, ओठांकडे बघतच नाही. उलट काही नमुन्यांत व्हिडिओ पूर्ण काळा करा, नाहीतर बोलणाऱ्याने मान वळवली की कारभार आटोपला. घास चावणारी, जांभई देणारी तोंडंही ‘हाक नाही’ म्हणून घाला. हे हमखास राहून जातं.

मॉडेलचे आकडे ८ बिटवर आणताना कॅलिब्रेशनला (मूल्यांची व्याप्ती ठरवायला) गोंगाटाचे आणि अंधुक उजेडातले नमुनेही द्या. नाहीतर मोठी मूल्यं छाटली जातात आणि नेमकं स्वयंपाकघरातच मॉडेल बहिरं होतं.