काळ्या मातीत वीपिंग बॉटलब्रश: खड्डा नको, उंचवटा करा

लाल पानांच्या, लोंबत्या फांद्यांच्या जपानी मेपलचा फोटो दाखवून 'हेच लावायचंय' म्हणणारे जळगाव-भुसावळात दरवर्षी भेटतात. हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात गारवा मागणारं ते झाड आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत होरपळतं. लोंबत्या फांद्याच हव्या असतील, तर वीपिंग बॉटलब्रश लावा, म्हणजे बाटली घासायच्या ब्रशासारखे लाल तुरे येणारं झाड. तो मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा, पण रुजला की आपलं ऊन मुकाट सोसतो.

सरळ शेंड्याचं, कमरेएवढं रोप निवडा.

खरी गोम लावणीत आहे. "दोन बाय दोनचा खड्डा घे, खाली विटांचे तुकडे न् वाळू टाक भो," असं मला नर्सरीत सांगितलं होतं. तसंच केलं. ऑगस्टमध्ये रोप मलूल झालं, तहानलंय समजून मी वर आणखी पाणी घातलं! उपटलं तर मुळं काळी, लिबलिबीत आणि गटारीसारखा वास. भारी काळ्या जमिनीतला भुसभुशीत खड्डा म्हणजे बादली. भोवतालचं पाणी त्यात उतरतं, बाहेर निघत नाही. विटांनी निचरा होत नाही, बादलीचा तळ तेवढा वर येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं आणि दुसरं रोपही गेलं.

आता मी आधी हातभर खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. सकाळी पाणी तसंच दिसलं की खड्डा बुजवतो. मग काळी माती आणि मुरूम निम्मेनिम्मे, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळून दीड फूट उंच, पाच फूट रुंद उंचवटा करायचा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावायचं. मुळांचा गड्डा बोटभर वरच राहू द्या, खोडाला माती चढवू नका. लावणी गणपती ते दसरा या काळात करा. जूनमध्ये लावा म्हणणाऱ्यांची जमीन बहुधा मुरमाड असावी.

बांबूचा आधार द्या. पहिल्या उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी, आणि बुडाभोवती केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर. उघड्या मातीला भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात.

चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांवर केवडा पडतो, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. युरिया ओतू नका. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकूनही भागत नाही, त्यातलं लोह चुनखडीत अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे चुनखडीत न अडकणारं लोह द्या.

छाटणी बहर सरल्यावर, सुकलेल्या तुऱ्याच्या लगेच मागे. तुरे ताजे असताना शिंजीर पक्षी मध प्यायला येतात, तोवर कात्री घरातच ठेवा.