निवेदकाला हे कसे कळले? कथा लिहिताना या चुका टाळा

पात्रे जिवंत आहेत, प्रसंगही खरे वाटतात, तरी वाचकाचा विश्वास मध्येच उडतो, असे अनेक नव्या कथांबाबत घडते. अशा वेळी दोष बहुधा निवेदनात सापडतो, कारण कथा कोणाच्या नजरेतून सांगितली जात आहे याचे भान लेखकाला दोन पानांनंतर राहिलेले नसते.

सर्वांत ढोबळ चूक जाणिवेची मर्यादा ओलांडण्याची आहे. समजा, कथा मुकुंदाच्या नजरेतून चालली आहे आणि तो माजघराच्या दाराशी उभा राहून आपल्या वहिनीकडे पाहतो आहे. तिथे 'सुमतीच्या मनात माहेरची आठवण दाटून आली' असे वाक्य आले की निवेदक विनाकारण दुसऱ्या मनात शिरतो. 'पदराच्या टोकाशी चाळा करत वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली' असे लिहिल्यास मुकुंदाला दिसते तेवढेच वाचकाला दिसते. सर्वसाक्षी निवेदकाला अनेक मनांत जाण्याची मुभा असते. मात्र ती सुरुवातीपासून घ्यावी लागते, सातव्या पानावर अडचण आली म्हणून नव्हे.

वरच्या सदोष वाक्यात 'सुमती' हे नावही खटकायला हवे. मराठीत नात्याची संबोधने आणि आदरार्थी क्रियापदे नजर कोणाची आहे हे उघड करतात, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. मुकुंदासाठी ती वहिनी आहे, तिच्या मुलासाठी आई, शेजाऱ्यांसाठी सुमतीबाई. ज्या वडिलांचा उल्लेख निवेदन 'ते' असा करत आले आहे, त्यांना अचानक 'तो' म्हटले तर वाचक त्यात राग किंवा दुरावा शोधू लागतो. तसे काही अभिप्रेत नसेल तर ती निव्वळ चूक ठरते.

'आपण' हा शब्दही जपून वापरावा. 'मुकुंदाने ठरवले, आपण उद्या निघायचे' या वाक्यात पात्राचा विचार अवतरणचिन्हांशिवाय सहज उतरतो. परंतु त्या प्रसंगात वहिनीही समोर असेल, तर दोघे निघणार आहेत असा अर्थ होऊ शकतो.

प्रथमपुरुषी कथेत दोन 'मी' असतात, एक भोगणारा आणि एक नंतर सांगणारा. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत यमुना आपले बालपण मागे वळून सांगते, म्हणून तिथे प्रौढ समज शोभते. आठ वर्षांचा मुलगा घडत असतानाच गोष्ट सांगत असेल, तर त्याच्या तोंडी 'अंतर्विरोध' हा शब्द टिकणार नाही.

शंका आल्यास तृतीयपुरुषी पान 'मी' घालून पुन्हा लिहून पाहावे. 'त्याला घाम फुटला' याचे 'मला घाम फुटला' सहज होते, पण 'त्याचा चेहरा पांढराफटक पडला' याचे 'माझा चेहरा पांढराफटक पडला' होताच, समोर आरसा नसताना हे त्याला कसे दिसले, असा प्रश्न उभा राहतो आणि दुरुस्तीची नेमकी जागा सापडते.