आयपीईत पीएचडी करायचीय? मग आधी एक फाइल तळापर्यंत वाचा

आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्रात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या आयपीईत, संशोधन करायचं म्हणून मुलं भेटायला येतात तेव्हा बहुतेकांचा विषय 'जागतिकीकरण आणि भारत' इतका ऐसपैस असतो. असा सिनॉप्सिस पासही होतो, आणि मग दोन वर्षं लिटरेचर रिव्ह्यूत गटांगळ्या खाण्यात जातात. त्यापेक्षा एखादा वाद, एखादा करार किंवा एखादं कर्ज धरा आणि त्याची कागदपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचा. सिद्धांत नंतर.

मी ऊस धरला. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं. एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, अशा किमतींमुळे उसाला मिळणारा आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, शिवाय साखर निर्यातीला अनुदान दिलं जातं, अशी तक्रार. भारताचा बचाव मजेशीर होता: सरकार ऊस विकतच घेत नाही, पैसे कारखाने देतात, मग हा सरकारी आधार कसा? डिसेंबर 2021 मध्ये संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे तंटा ऐकणाऱ्या मंडळाने, तो फेटाळला. किमतीचा आधार धरायला सरकारनेच खरेदी करायला हवी असं नाही, असं त्यांचं म्हणणं. भारताने अपील केलं, पण ऐकणार कोण? अमेरिका नव्या नेमणुका अडवत राहिल्याने अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे. इथे तारीखही पडत नाही, कारण न्यायाधीशच नाहीत.

हे अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण नुसते ते वाचून भागत नाही. कोल्हापूरकडच्या एका सहकारी कारखान्यात चीफ अकाउंटंटसमोर बसलो होतो. बाहेर चिटबॉय तोडीच्या नोंदी घेऊन उभे. साहेब म्हणाले, "दिल्ली आकडा जाहीर करते, चेक आमच्या खात्यातून जातो. साखरेचा भाव पडला की माल तारण ठेवून उचल घेणारे आम्हीच." जिनिव्हात, म्हणजे व्यापार संघटनेसमोर, भारताने मांडलेला मुद्दा जवळपास हाच होता, आणि साहेबांनी त्या अहवालाचं एक पानही पाहिलेलं नव्हतं. गेटवरच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो एकरकमी एफआरपीवरच अडून. एकाच किमतीकडे तिघं तीन बाजूंनी बघतात. माझा प्रबंध तिथून सुरू झाला.

आयपीईतल्या ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज तेव्हा कळायला लागल्या. अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेत, ही तक्रार त्यांनी 1970 मध्येच केली होती, आणि फायदा नेमका कुणाचा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. आयपीईच्या अमेरिकी पद्धतीत गृहीतकं आणि आकडेवारी यांना मान, ब्रिटिश पद्धतीत इतिहास आणि सत्ता यांना. हे भांडण मला जरा फुगवलेलं वाटतं, पण पेपर पाठवताना त्याची झळ बसते. 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन' या अमेरिकी जर्नलला चाचणी करता येईल असा दावा लागतो. 1994 पासून निघणाऱ्या 'रिव्ह्यू ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिकल इकॉनॉमी' या जर्नलमध्ये तीच ऊसकथा ऐसपैस सांगता येते.

आपल्याकडे या विषयाला बहुतेक विद्यापीठांत स्वतंत्र विभाग नाही. अर्थशास्त्रवाले विचारतात, मॉडेल कुठंय? राज्यशास्त्रवाले विचारतात, यात राजकारण कुठंय? दोघांना उत्तर देता यावं इतपत व्यापार सिद्धांत, ताळेबंद वाचन आणि रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध तपासायची पद्धत) शिकून घ्या. बाबासाहेबांचा 1923 चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही वाचा. विनिमयदर वर-खाली झाला की कुणाच्या खिशात भर पडते आणि कुणाचा रिकामा होतो, हे बघायला इतका चांगला नमुना आपल्याकडे दुसरा नाही.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी फेलोशिप, 2023 पासून महिना 37 हजार आहे. दिल्लीत भाडं भरून त्यातून फिल्डवर्क जमवताना ओढाताण होते, म्हणून प्रवासखर्चाची तजवीज पहिल्याच वर्षी करा. आणि गाइड ठरवताना त्यांच्या पुस्तकांची यादी बघत बसू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा, चॅप्टर दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचा.