साध्या वेबकॅमवर हेड ट्रॅकिंग: फ्लाइट सिमसाठी सेटिंग कसं करायचं

सिममध्ये लँडिंग बिघडतं ते बऱ्याचदा हातामुळे नाही, नजरेमुळे. डाउनविंडला, म्हणजे लँडिंगआधी रनवेला समांतर उलट्या दिशेने उडताना, रनवे डाव्या खिडकीत दिसत असतो, तो खांद्याच्या मागे ४५ अंशावर गेला की बेसला, म्हणजे रनवेच्या आडव्या टप्प्याला, वळायचं, आणि नेमकं तेव्हाच आपण हॅट स्विचने (स्टिकवरच्या चार दिशांच्या छोट्या बटणाने) कॅमेरा फिरवत बसतो, तेवढ्यात नाक खाली गेलेलं असतं. मान वळवली की व्ह्यू वळला पाहिजे आणि हात स्टिक-थ्रॉटलवरच राहिले पाहिजेत.

यासाठी लगेच पैसे घालू नका. ट्रॅकआयआर हे विकतचं हेड ट्रॅकर उत्तमच आहे, पण आधी ओपनट्रॅक हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. इनपुटला न्यूरलनेट ट्रॅकर निवडा, तो थेट चेहरा ओळखतो, टोपीला एलईडी वगैरे लावायला लागत नाही. आउटपुटला (हालचाल गेमकडे पाठवायला) फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड, फिल्टरला (थरथर गाळायला) अ‍ॅक्सेला. स्टार्ट दाबलं की एक गुलाबी ऑक्टोपस दिसेल, तुम्ही मान हलवली की तोही हलतो, तो नीट हलला की मगच गेम उघडा. गेममध्ये व्ह्यू उलटा फिरला तर ऑप्शन्समध्ये जाऊन तो अ‍ॅक्सिस इन्व्हर्ट करा. काहीच हललं नाही तर गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललाय का बघा, तसं असेल तर ओपनट्रॅकही तसंच चालवावं लागतं.

आता उजेड. माझा व्ह्यू रात्री सतत थरथरायचा, मी आठवडाभर फिल्टरशी झटापट केली आणि शेवटी कळलं की वेबकॅमचं सेटिंग ६० हर्ट्झवर होतं, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात पट्टे सरकत होते. ५० केलं, टेबललॅम्प पाठीमागून उचलून मॉनिटरशेजारी चेहऱ्यासमोर ठेवला, थरथर गेली. अंधारात वेबकॅम एक्स्पोजर वाढवतो आणि फ्रेम्स कमी होतात, मग मान वळल्यावर व्ह्यू मागून रेंगाळत येतो, आणि त्याने डोकं गरगरतं.

सगळ्यात जास्त वेळ मॅपिंगला, म्हणजे मान किती वळली की व्ह्यू किती वळेल या सेटिंगला द्या, खरी मजा तिथेच आहे. मान ३० अंशांपेक्षा जास्त वळवली तर डोळे स्क्रीनवर राहत नाहीत, म्हणून तेवढ्यातच गेममधले १४०-१५० अंश बसवायचे. पण सरळ रेष ओढलीत तर प्रत्येक श्वास पाचपट होऊन दिसेल. म्हणून यॉच्या (डावी-उजवीकडे वळण्याच्या) कर्व्हमध्ये पहिले ४-५ अंश जवळजवळ सपाट ठेवा, म्हणजे गेज वाचताना किंवा नेम धरताना व्ह्यू स्थिर राहील, मग हळूहळू चढवा आणि टोकाला एकदम उभा करा. रोल (डोकं खांद्याकडे कलणं) सरळ बंद करून टाका. एक्स (बाजूला सरकणं) मात्र ठेवा, डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये स्पिटफायर विमान टॅक्सी करताना त्या लांब नाकापलीकडचं बघायला बाजूला झुकावंच लागतं. झेडही (पुढे-मागे सरकणं) ठेवा, पुढे वाकलं की डायल मोठं दिसतं.

अ‍ॅक्सेलाचं स्मूदिंग आधी जास्त घ्या आणि थरथर जाणवायला लागेपर्यंत कमी करत या, मग एक पायरी मागे.

सेंटरची की (व्ह्यू पुन्हा सरळ समोर आणणारी) जॉयस्टिकच्या बटणावर घ्या, कीबोर्डवर नको, कारण आपण खुर्चीत नकळत घसरत राहतो आणि दर वीसेक मिनिटांनी ती लागतेच. टेकऑफच्या आधी रोजच्यासारखं टेकून बसा, समोर बघा, दाबा.

एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेमसाठी वेगळं प्रोफाइल करा. तिथे जहाज यॉमध्ये हळू वळतं, पिचमध्ये (नाक वर-खाली) पटकन, म्हणून लढाईत शत्रू जास्त करून डोक्यावरच्या काचेतून जातो. त्यामुळे पिचचा वरचा कर्व्ह खालच्यापेक्षा उभा लागतो, ओपनट्रॅकमध्ये वर-खाली वेगवेगळे कर्व्ह देता येतात. तेवढं केलंत की टार्गेट नजरेआड न होता वळण पूर्ण होतं.